दुरुस्त केलेली गोलाई

रागाच्या बाबतीत माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर मी लोकांना गाडी चालवायला शिकवली. शिकवली म्हणजे काय, शेजारच्या सीटवर बसून ओरडलो. "वळणावर कुणी ब्रेक दाबतं का? वळायच्या आधी दाबायचा! आधी!" भलेभले घाम पुसायचे. एका डॉक्टरांनी तर भर चौकात गाडी बंद केली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि चालत घर गाठलं. पुढे ते उत्तम गाडी चालवायला लागले म्हणे. अर्थात दुसऱ्या कुणाकडे शिकून.

गल्लीत मला सगळे मास्तर म्हणतात. बायको एरवी 'अहो' म्हणते. तिच्या तोंडून 'मास्तर' आलं की समजायचं, आपण काहीतरी दिवे लावलेत. तर यावेळी लावलेल्या दिव्यांची ही हकिगत.

माझी बायको शिवते. धंदा म्हणून नव्हे, पण घरातलं एकही कापड तिनं आजवर टाकून दिलेलं नाही. माझे कॉलर विरलेले शर्ट, लेकीचे शाळेतले फ्रॉक, जुने पडदे, सगळ्यांचे धड भाग कापून निघतात, डब्यात जातात आणि यथावकाश गोधडी होऊन परत येतात. आमच्या नात्यातलं एकही बाळ तिच्या गोधडीवाचून झोपलेलं नाही. पण त्या सगळ्या चौकोनी ठिगळांच्या. लेकीनं स्वतःचं घर घेतलं तेव्हा हिनं जाहीर केलं, "जन्मभर चौकोन जोडले. आता गोल जोडून बघते."

गोल जोडायचं म्हणजे काय प्रकरण असतं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण मला ते वेळेवर कुणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं असेल, माझं लक्ष नसेल. एकेका चौकोनात दोन तुकडे. एक असतो गोलाचा चतकोर, त्याला ती 'पोट' म्हणते. दुसरा असतो चौकोनाचाच, पण कोपऱ्यात गोल खाच कापलेला. त्याला ती 'खाच' म्हणते. खाचेला पोट जोडलं की एक चौकोन, आणि असे चार चौकोन एकत्र आले की मधे एक अख्खा गोल. पुठ्ठ्याचे दोन साचे करून तिनं तुकडे कापले, अख्ख्या गोधडीचे एकदमच असं मी आपलं धरून चाललो, आणि ती शिवायला बसली.

निम्मी गोधडी झाली असेल नसेल, तिचा उजवा हात थरथरायला लागला.

खरं तर आधीपासूनच थरथरत असणार. कप बशीवर वाजायचा, आणि मी पेपरातून मान वर न काढता "हळू गं" म्हणायचो. नंतर डॉक्टर, तपासण्या, गोळ्या. डॉक्टर म्हणाले, "वाढत जाईल, पण हळूहळू." त्यांना वाटलं आपण धीर दिला. आम्हाला दोघांनाही ऐकू आलं ते फक्त पहिले दोन शब्द. त्यानंतर एक दिवस तिनं मशीनवर चादर टाकली, तुकडे ठेवलेला बिस्किटांचा डबा कपाटात टाकला, आणि कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाईंना परस्पर निरोप धाडला, रविवारी येऊन मशीन घेऊन जा.

"अगं, पण मला विचारायचं तरी!" मी म्हणालो.

"तुम्ही चालवता का?"

नाही चालवत. पण खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली. मशीन काय, लोखंडाचा सांगाडा. गेला तर जागा मोकळी होईल. पण ही बाई त्या मशीनपाशी बसून गुणगुणायची, माझ्याशी भांडायची, लेकीशी फोनवर तासन् तास बोलायची, फोन खांद्यात धरून. मशीनवर चादर पडल्यापासून ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायला लागली होती. जेवायला हाक मारली तर "तुम्ही घ्या" म्हणायची. मशीन दाराबाहेर गेलं असतं तर ती परत उठली नसती, असं मला आतून वाटत होतं. मला मशीन वाचवायचं नव्हतं. मला ती उठायला हवी होती.

म्हणून मी म्हणालो, "मी शिवतो. तू नुसतं सांग."

ती हसलीसुद्धा नाही. "तुम्हाला अजून उशीला अभ्रा धड घालता येत नाही," एवढंच म्हणाली आणि कूस बदलली.

अभ्र्याचं खरं आहे. माझा एक कोपरा नेहमी रिकामा राहतो. पण म्हणून काय झालं? एवढी अवजड गाडी ज्यानं मागे घ्यायला शिकवली, त्याला दोन चिंध्या जोडता येऊ नयेत? मी ठरवलं, तिच्या अपरोक्ष एक चौकोन शिवून दाखवायचा. एकदा पाहिलं की विश्वास बसेल.

शनिवारी दुपारी माझी मेहुणी तिला हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेली. त्यांची रिक्षा वळली आणि मी कपाट उघडलं.

डब्यात तुकडे जोड्याजोड्यांनी दोऱ्यानं बांधून ठेवले होते. पोट आणि खाच, पोट आणि खाच. माझ्या निळ्या शर्टाला लेकीचा पिवळा फ्रॉक, पडद्याला उशीचा अभ्रा. मी एक जोडी सोडली, खाचेचा तुकडा टेबलावर ठेवला आणि पोट त्यात बसवायला गेलो. बसेना. पोट मोठं होतं. गोलाईवर सगळीकडून चांगलं अर्धा इंच जास्त. दुसरी जोडी सोडली. तेच. तिसरी. तेच. सगळा डबा उलटा केला. एकही पोट एकाही खाचेत बसत नव्हतं!

मी खुर्चीत बसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता सांगताना हसू येतंय, पण तेव्हा खरंच आलं. मला वाटलं, बिचारीचा हात हे कापतानाच बिघडलेला होता. हिनं सगळं चुकीचं कापलं, हिला कळलंही नाही. किंवा कळलं असेल, म्हणूनच मशीन द्यायला निघालीय. आणि मग माझ्यातला थोर पुरुष जागा झाला. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. आपण गुपचूप दुरुस्त करायचं.

मी खडू घेतला. प्रत्येक पोटावर त्याची खाच ठेवली, खाचेच्या गोलाईवरून रेघ ओढली, आणि जास्तीचं कापून टाकलं. एकेक करत सगळे. मान मोडून आली, कात्रीनं अंगठ्याला फोड आला, पण मी काही थांबलो नाही. कापलेल्या चंद्रकोरी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. आता पोट खाचेत असं चपखल बसायला लागलं की दोघांत केस जाणार नाही. मी स्वतःवर इतका खूष झालो की चहाही स्वतःच केला आणि प्यायलो. नवऱ्यानं बायकोची चूक न बोलता पोटात घालावी, यापेक्षा मोठं मन कुणाचं असतं, सांगा!

मग मशीनवरची चादर काढून एक जोडी शिवायला घेतली. पायडलवर पाय ठेवला आणि सुई जी सुटली, ती माझं बोट थोडक्यात चुकवून तुकड्याच्या पार पलीकडे जाऊन थांबली. दुसऱ्या खेपेला शिलाई पडली. तुकडा उलटून पाहिला, तर त्या चौकोनाची वाटी झाली होती. मधे खोल, कडेला चुण्या, आणि पोट कोपऱ्यापर्यंत पोचतच नव्हतं. मी मशीनला दोष दिला, दोऱ्याला दिला, थोडा सरकारलाही दिला, आणि ती वाटी पँटच्या खिशात कोंबली. शिवण जमली नाही तर नाही. कापणं तर जमलं होतं.

त्या दोघी परत आल्या तेव्हा मी सगळ्या जोड्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. मेहुणीला चहा दिला आणि लगेच वाटेला लावलं. मग बायकोला हाताला धरून टेबलापाशी आणलं.

"बघ," मी म्हणालो, "तू कापलेले तुकडे कसे नेमके बसतायत! अशी कारागिरी असताना मशीन द्यायचं?"

तिनं पाहिलं. मग एक पोट उचलून त्याच्या कडेवर बोट फिरवलं.

"हे मी कापलेलं नाही."

"अगं, तूच तर..."

"मास्तर."

झालं! दिवे लागले होते.

"किती कापलेत?"

"किती म्हणजे..." मी टेबलाकडे पाहिलं. ती पण टेबलाकडे पाहत होती. "सगळे," मी म्हणालो. "पण अगं, ते मोठे होते. बसत नव्हते. मी म्हटलं, तुझा हात जरा... म्हणजे तुझ्याकडून चुकून..."

ती एकदम खुर्चीत बसली. मला वाटलं चक्कर आली. पण चक्कर नव्हती.

"मोठेच असतात ते!" ती ओरडली. अहो, ओरडली! गेल्या कित्येक दिवसांत तिचा आवाज खोलीबाहेर गेला नव्हता, तो आता जिन्यापर्यंत गेला. "पोट मोठं, खाच लहान, असंच कापायचं असतं! शिवताना दोन्हीकडून पाव-पाव इंच आत जातं की नाही? ते कुठून येणार? तुमच्या डोक्यातून? टेबलावर बसवायचे होते का ते? हे काय पोरांचं कोडं आहे?"

मी खिशातली वाटी काढून टेबलावर ठेवली. तिनं ती बघितली आणि कपाळावर हात मारला.

"आणि एक सांगा मला," ती म्हणाली. "सगळे तुकडे सारखेच मोठे होते ना? सगळीकडून सारखे?"

"हो."

"मग थरथरत्या हाताची चूक दर वेळी सारखी कशी होईल, एवढंसुद्धा डोक्यात आलं नाही?"

नाही आलं. काय सांगू? माझ्या डोक्यात दयाच इतकी भरली होती, की बाकी कशाला जागाच उरली नव्हती.

"कापलेलं कुठंय?" तिनं विचारलं.

मी कचऱ्याचा डबा आणला. तिनं चहाचा चोथा झटकत एकेक चंद्रकोर काढली आणि टेबलावर मांडली. मग माझं बोट धरून एकीच्या बाहेरच्या कडेवरून फिरवलं. तिचा हात माझ्या हातावर थरथरत होता आणि खालची कड मात्र गुळगुळीत होती. कुठे खाच नाही, कुठे फुगवटा नाही.

"हात बिघडल्यावरच कापलेत हे," ती म्हणाली. आता आवाज खाली आला होता, आणि तेच जास्त वाईट होतं. "तुम्हाला कळू नये म्हणून तुम्ही बाहेर गेलात की कापायची. उजवं मनगट डाव्या हातानं धरून. एक तुकडा झाला की पडून राहायची. मला बघायचं होतं, जमतंय का. जमलं होतं हो. शिवताना कापड धरवेना म्हणून सोडलं. पण कापलेलं सगळं बरोबर होतं. आणि तुम्हाला वाटलं, मी एवढं वाकडं कापीन आणि मला ते दिसणारही नाही? हात बिघडलाय माझा. डोकं नाही."

"चुकलो," मी म्हणालो. आयुष्यात हा शब्द मी दुसऱ्यांकडून पुष्कळ ऐकलाय, स्वतः फारसा वापरलेला नाही. तो तोंडातून नीट निघालासुद्धा नाही.

रात्री ती जेवली, माझ्याकडे न बघता. पण जेवली. आणि पलंगावर पडली ती भिंतीकडे नव्हे, छताकडे तोंड करून. ती विचार करतेय हे मला दिसत होतं. मी श्वासही जपून घेत होतो.

सकाळी शिवणवाल्या बाई हातगाडीवाल्याला घेऊन दारात हजर. मी दार उघडलं. आता मशीन जाणार, आणि ते घालवायला मीच हातभार लावलेला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आज नका नेऊ. यांनी घोळ घातलाय, तो निस्तरायचाय."

बाई आत आल्या, टेबलावरचे तुकडे बघितले, एक पोट उचललं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "मार्जिनच कापलं? सगळ्यांचं? कुणी हो?"

"मास्तरांनी."

"मग मी काही वर्षभर येत नाही," बाई म्हणाल्या आणि हातगाडीवाल्याला परत फिरवलं. जिना उतरेपर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळली, हे वेगळं सांगायला नको. परवा दूधवाल्यानंही विचारलं, "मास्तर, पाव इंच कमी देऊ का?"

दार लावून आलो, तर बायको माझ्याकडे निरखून बघत होती. माझ्याकडे नव्हे, माझ्या शर्टाकडे.

"काढा."

"अंगातला?"

"अंगातलाच. राखाडी रंग सगळ्याला चालतो. पोट लहान झालंय ना तुमच्या कृपेनं? मग पोट आणि खाच यांच्या मधे एक कडं घालायचं. शिवल्यावर अर्धा इंच दिसेल असं. म्हणजे पट्टी एक इंचाची, आणि उरेब."

उरेब म्हणजे कापडाच्या तिरक्या अंगानं कापलेली पट्टी. ती ताणली जाते, गोलाईवर मुरडते. सरळ पट्टी मुरडत नाही, चुण्या पडतात. हे सगळं मला बनियनवर उभं राहून ऐकावं लागलं.

आणि मग माझं शिक्षण सुरू झालं. मी मशीनवर, ती शेजारी स्टुलावर. "मध्याला मध्य टाचा! आधी मध्य, मग टोकं! टाचण्या लावा, लाजता कशाला? खाच वर ठेवा! ओढू नका! कापड ओढू नका हो, ते आपलं आपण जातंय, तुम्ही नुसतं वळवा! पाय! पाय काढा!" एकदा मी चिडून उठलोच. म्हणालो, असं ओरडलं तर माणूस शिकेल का? ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग जी हसायला लागली, ती पदरानं डोळे पुसेपर्यंत. मी थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मग मुकाट येऊन बसलो. काय करतो? एवढी हसली होती ती.

पहिलं कडं वाकडंतिकडं लागलं, उसवलं. दुसरं लागलं. तिसऱ्या वेळी चौकोन टेबलावर सपाट पडला, वाटी न होता, आणि मी कुणीतरी गाडी पहिल्यांदा मागे घेतल्यावर आनंदानं ओरडावं तसा ओरडलो.

पण पट्ट्या संपल्या. पहिल्या काही मीच कापल्या होत्या, तिरकं कुठल्या अंगानं ते नीट न कळून, आणि शर्टाचा बराच भाग वाया घालवला होता. मी पुन्हा कात्री उचलली, तर तिनं ती माझ्या हातातून घेतली.

"पाठच काय ती उरलीय शर्टाची. तुमच्यावर सोडायची नाही."

तिनं कापड टेबलावर तिरकं पसरलं, खडूनं रेघा मारून घेतल्या, माझ्याकडून. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि कापायला लागली. गोळीची वेळ टळली होती बहुतेक. कात्री रेघेवर राहीना. आत जाई, बाहेर येई. ती ओठ दाबून शेवटपर्यंत कापत गेली. मला बघवेना, पण मी बघितलं.

पट्टी सुटी झाली. तिनं ती उचलून माझ्यासमोर धरली. एक कड लाटेसारखी. कुठे जाड, कुठे बारीक.

"हे बघा," ती म्हणाली. "माझा हात चुकतो ना, तेव्हा असं दिसतं."

मी पट्टी हातात घेतली. खडू समोरच होता आणि माझा दुसरा हात आपोआप त्याच्याकडे गेला. सवय हो, लोकांचं वाकडं दिसलं की हात शिवशिवतात. तिनं ते पाहिलं. यावेळी ती ओरडली नाही. हळूच विचारलं, "सरळ करायचीय?"

मी हात मागे घेतला. "नाही," मी म्हणालो. "शिवायचीय."

पायडल दाबलं. पट्टीच्या कडेकडेनं, जशी ती गेली होती तसा मी गेलो. आत गेली तिथे आत, बाहेर आली तिथे बाहेर. शेवटी दोरा तोडला, इस्त्री फिरवली आणि चौकोन तिच्यापुढे ठेवला. कडं कुठे रुंद होतं, कुठे इतकं अरुंद की दिसेना. पण सपाट बसलं होतं.

तिनं कड्यावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग चौकोन बाजूला ठेवला आणि कापड पुन्हा सारखं केलं.

"दोरा बदला तोवर," ती म्हणाली आणि डाव्या हातानं मनगट धरून पुढची पट्टी कापायला लागली.